जुन्या चित्रांतला निळा : आधी द्रव्य, मग अर्थ

प्रश्न थोडक्यात असा आहे : निळा म्हणजे शांती, लाल म्हणजे शौर्य किंवा कामभावना, पिवळा म्हणजे ज्ञान, असे तक्ते सगळीकडे दिसतात. कृष्ण निळा, युरोपी चित्रांत येशूची आई मेरी हिचा झगा निळा, अजिंठ्याच्या भिंतीवरही निळा. मग हे तक्ते हातात घेऊन जुनी चित्रं वाचता येतात का?

नाही वाचता येत. रंगाला अर्थ असतो, पण तो कुठल्या द्रव्यातून आला, किती महाग होता, कोणत्या पृष्ठभागावर टिकत होता आणि आज किती बदललाय, हे कळल्याशिवाय त्या अर्थाला हात घालू नये. सगळे रंग घेतले तर उत्तर पसरेल, म्हणून मी एकट्या निळ्याबद्दल लिहितो. हा मुद्दा निळ्याइतका स्वच्छ दुसऱ्या कुठल्याच रंगात दिसत नाही. लाल आणि पिवळी माती जवळपास सगळीकडे सापडते, काजळ कुणालाही धरता येतं. निळा मात्र फार थोड्या ठिकाणी मिळायचा, नाहीतर तयार करावा लागायचा.

तक्त्याचा पहिला फोलपणा आपल्याच शास्त्रात दिसतो. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसांचे रंग दिलेत. शृंगार श्याम, हास्य पांढरा, करुण कपोतासारखा राखाडी, रौद्र लाल, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स नील, अद्भुत पिवळा. म्हणजे आज ज्याला आपण सरसकट ‘निळा’ म्हणू त्या पट्ट्यातली एक छटा प्रेमाची आहे आणि दुसरी किळसेची. शृंगाराची देवता विष्णू आणि बीभत्साची महाकाल. शांतीचा इथे काही संबंध नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात रंगद्रव्यांची यादी येते, तीत राजावर्त आणि नील ही दोन वेगळी द्रव्यं मोजलेली आहेत. राजावर्त हा दगड, नील हा झाडपाल्यातून काढलेला रंग. ज्या चित्रकारासाठी ते लिहिलं, त्याच्या दृष्टीने या दोघांचं मोल, वागणं आणि जागा अगदी निराळी होती.

राजावर्त म्हणजे लाजवर्द, लॅपिस लाझुली. प्राचीन काळापासून त्याची मोठी खाण एकच : अफगाणिस्तानात बदख्शानमधल्या कोक्चा नदीच्या खोऱ्यातलं सर-ए-संग. आता अजिंठ्याकडे बघा. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट, त्यावर छिन्नीचे खडबडीत घाव मुद्दाम राखलेले, त्यावर तूस आणि वनस्पतींचे तंतू घातलेला मातीचा गिलावा, वर पातळ पांढरा हात, आणि तो सुकल्यावर डिंक किंवा सरसासारख्या चिकट माध्यमात कालवलेले रंग. (अजिंठ्याच्या चित्रांना ‘फ्रेस्को’ म्हणण्याची सवय सोडायला हवी, ओल्या चुन्यावर काढलेली ती चित्रं नाहीत.) लाल आणि पिवळी गेरूमाती दख्खनचीच. हिरवी मातीही इथलीच, बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये ती सापडते. काळा काजळाचा. या सगळ्यात निळा तेवढा परका, आणि तो लाजवर्दाचा आहे. इसवी सनापूर्वीच्या नवव्या-दहाव्या लेण्यांतल्या जुन्या चित्रांत तो नाही. पाचव्या शतकातल्या, वाकाटक काळातल्या लेण्यांत आहे. शैली बदलली हे खरं, पण त्या निळ्याने त्याआधी एक साधी गोष्ट सांगितली आहे : आता या डोंगरात पैसा आणि व्यापारी मार्ग दोन्ही पोचले होते. दाता कोण होता, त्याचा आवाका काय होता, हे निळ्याच्या वापरावरून ताडता येतं. अध्यात्म त्याच्यानंतर.

इतका महाग का, तर दगड आणून कुटला की काम संपलं असं होत नाही. लाजवर्दात निळं खनिज, लाझुराइट, असतंच. त्याबरोबर पांढरा कॅल्साइट, रंगहीन डायोप्साइड आणि सोनेरी पायराइटही असतो. नुसता बारीक वाटला तर सगळं मिसळून राखाडी पूड होते, आणि जितकं जास्त वाटाल तितकी ती फिकी होते. त्यामुळे नवखा माणूस चांगल्या दगडाचीही माती करतो. इटलीत फ्लोरेन्सजवळच्या चेनिनो चेनिनी या चित्रकाराने १४०० च्या सुमारास लिहिलेली कृती आजही चालते. प्रमाण सोपं करून सांगतो.

१०० ग्रॅम दगडाची पूड घ्या. ती झाकलेल्या खलात कुटून, मलमलीतून चाळून, हाताला किंचित कणीदार लागेल इतकीच बारीक ठेवा. कुटताना मास्क हवाच. पाइनची राळ ५० ग्रॅम, रूमी मस्तकी (हाही झाडाचा चीक) २५ ग्रॅम, मधमाश्यांचं मेण २५ ग्रॅम हे मंद आचेवर वितळवून कापडातून गाळा. त्यात पूड घालून तेलाच्या हाताने मळा. हा गोळा निदान तीन दिवस ठेवायचा, रोज थोडा मळायचा. मग लाकडाच्या राखेचं गाळलेलं खारं पाणी हाताला सोसेल इतकं कोमट करा, गोळा त्यात बुडवा आणि दोन काठ्यांनी दाबत राहा. निळे कण पाण्याला धार्जिणे असल्याने ते राखेच्या पाण्यात सुटतात; कॅल्साइट, पायराइट मेण-राळेतच अडकून राहतात. पाणी गडद निळं झालं की दुसऱ्या भांड्यात ओता आणि नवं पाणी घ्या. पहिल्या एक-दोन पाण्यांतला माल सर्वात खोल, जांभळ्याकडे झुकणारा, पुढचा फिका, शेवटी राहते ती राखाडी पूड, लाजवर्दातून काढलेल्या निळ्याला युरोपात अल्ट्रामरीन म्हणत, म्हणून ही ‘अल्ट्रामरीनची राख’, आणि तीही विकली जाई. प्रत्येक पाणी बसू द्या, निथळून टाका, साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. चांगल्या दगडातूनही पहिल्या प्रतीचा रंग वजनाच्या काही टक्केच हाती लागतो.

इथे तीन गोष्टी नेहमी बिघडतात. पाणी फार गरम झालं तर गोळाच विरघळू लागतो आणि मेण रंगात उतरतं. मग तो डिंकात कालवताच गुठळ्या धरतो. तीन दिवसांची घाई केली तर पहिल्या पाण्यातच पांढरे कण सुटतात. आणि सुरुवातीची पूड फार बारीक असेल तर कण वेगळे होतच नाहीत.

ही मेहनत आणि तो लांबचा प्रवास लक्षात घेतला की युरोपातले करार समजतात. डोमेनिको गिर्लांदायो या चित्रकाराशी फ्लोरेन्सच्या अनाथालयासाठी, स्पेदाले देल्यी इन्नोचेंतीसाठी, ऑक्टोबर १४८५ मध्ये झालेल्या करारात स्पष्ट लिहिलंय की निळा अल्ट्रामरीनच असावा आणि तो औंसाला सुमारे चार फ्लोरिन (तिथलं सोन्याचं नाणं) किमतीचा असावा. संपूर्ण चित्राचा मोबदला ११५ फ्लोरिन, तोही रंग आणि सोनं चित्रकाराच्या खर्चाने. मेरीच्या झग्याचा निळा पवित्र होता यात शंका नाही. पण देणगीदार देवासमोर काय वाहतोय, हे बघणाऱ्या प्रत्येकाला त्या झग्यावरूनच कळायचं. पैठणीच्या जरीकडे बघून खरी की खोटी हे जसं बाया क्षणात ओळखतात, तसं तिथला बघणारा चारचा निळा आणि दोनचा निळा ओळखत असे. बाराव्या शतकाआधीच्या युरोपात मेरी बहुधा काळपट, शोकाच्या वस्त्रांत दिसते. निळा झगा हा तिचा अनादी रंग नव्हे.

आपल्याकडेही असंच एक वळण आहे. पश्चिम भारतातल्या जैन पोथ्या, विशेषतः कल्पसूत्राच्या, आधी लाल पार्श्वभूमीच्या असत. पंधराव्या शतकात कागद रुळला, इराणी चित्रांशी ओळख वाढली, गुजरातचे व्यापारी श्रीमंत होते, आणि तीच महावीरजन्माची दृश्यं लाजवर्दी निळ्यावर सोन्याने चितारली जाऊ लागली. प्रसंग तोच, गाथा तीच, पार्श्वभूमी लालाची निळी झाली. ‘लाल म्हणजे अमुक’ असा पक्का अर्थ असता तर हा बदल धर्मनिष्ठ आश्रयदात्यांनी चालू दिला नसता.

लाजवर्द परवडत नसे तिथे अझुराइट वापरत. हे तांब्याचं खनिज. याचा स्वभाव उलटा : भरड ठेवला तर खोल निळा, बारीक केला तर आकाशी. म्हणून तो घोटायचा नाही, नुसता माध्यमात कालवायचा, आणि दोन-तीन थर द्यायचे. भरड कणांना धरून ठेवायला सरस जास्त लागतो, नाहीतर झडतो. इटलीत पाडोव्याच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये, सुमारे १३०५ साली, चित्रकार जॉत्तोने हा निळा सुकलेल्या गिलाव्यावर लावला कारण ओल्या चुन्यात तो नीट टिकत नाही. बाकीचे रंग चुन्यात मुरून भिंतीचा भाग झाले, निळा वर राहिला आणि मेरीच्या वस्त्रावरून ठिकठिकाणी गळून गेला. आज तिथे दिसणारा राखाडी झगा पाहून ‘शोकासाठी जॉत्तोने मुद्दाम फिका रंग निवडला’ असं लिहिणारे लोक भेटतात. ओलावा आणि क्षार असले तर अझुराइट हिरवाही पडतो. हिरवं आकाश किंवा हिरवा झगा दिसला की आधी ही शंका घ्यावी.

नीळ, म्हणजे इंडिगो, ही तिसरी गोष्ट. नीळीचा पाला हौदात भिजवून आंबवायचा, पिवळट-हिरवं पाणी दुसऱ्या हौदात सोडून हवा लागेल असं झोडपायचं, निळा गाळ बसला की उकळून, दाबून वड्या करायच्या. स्वस्त, इथलीच, आणि अतिशय बारीक कणांची. त्यामुळे पातळ रेषेला फार उत्तम. लाजवर्द असा झरझर ओढता येत नाही. पण उजेडात ती उडते, विशेषतः पातळ हातात. पोथ्यांतून आणि लघुचित्रांतून झाडांचा हिरवा पुष्कळदा हरताळ (एक पिवळं खनिज) आणि नीळ मिसळून केलेला आहे. या जोडीतला जो रंग आधी उडेल त्यावर आजचं झाड ठरतं : हरताळ उडाला तर पानं निळी, नीळ उडाली तर पिवळट. सतराव्या शतकातल्या डच चित्रकार व्हर्मीरच्या मोत्याच्या डूलवाल्या मुलीमागची पार्श्वभूमी आज काळी दिसते. मूळचा तो नीळ आणि पिवळ्या वनस्पतिजन्य रंगाचा हिरवा झिलईदार थर होता. तिचा फेटा लाजवर्दाचा, तो टिकला. ‘काळोखातून उजळणारा चेहरा’ हा त्या चित्राचा अर्थ काही अंशी रंग उडाल्यामुळे तयार झालाय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कोबाल्टच्या काचेची पूड, स्मॉल्ट, ही सोळाव्या-सतराव्या शतकातली आणखी एक स्वस्त सोय. तेलात तिच्यातलं पोटॅशियम झिरपून जातं आणि निळा राखाडी-तपकिरी होतो. त्या काळच्या तैलचित्रांतली अनेक ढगाळ आकाशं मुळात निळी होती.

मग १७०४-०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंगारी लाल रंग करत असताना त्याने वापरलेला पोटॅश प्राण्यांच्या तेलाने दूषित निघाला आणि लालाऐवजी गडद निळा हाती आला. हा प्रशियन ब्लू. मोठ्या प्रमाणावर, स्वस्तात, लाजवर्द-अझुराइटच्या खाणीशिवाय टिकाऊ गडद निळा मिळू लागला. डच जहाजांतून तो नागासाकीला पोचला आणि १८३० च्या आसपास जपानी ठशांच्या चित्रांत पसरला. होकुसाईची फुजी पर्वताची मालिका त्यावरच उभी आहे. तिथल्या निळ्याला ना मेरीचा संदर्भ, ना विष्णूचा. तो नव्या, परदेशी, उडत नसलेल्या रंगाचा ताजेपणा होता, आणि गिऱ्हाइकाला तोच हवा होता.

प्रशियन ब्लूबद्दल कामाचं एक लक्षात ठेवा : अल्कलीत तो मरतो. चुन्याच्या भिंतीवर लावला तर काही काळात तपकिरी गंजासारखा दिसू लागतो. वाड्यांच्या भिंतींवरच्या चित्रांची डागडुजी करताना हाताशी असलेला गडद निळा लावून असं नुकसान होतं. अल्ट्रामरीनचं बरोबर उलटं : चुन्यात तो खुशाल राहतो, पण आम्ल लागलं की रंग जातो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो.

शेवटी स्वतः अल्ट्रामरीनच कारखान्यात आला. फ्रान्समधल्या उद्योग-प्रोत्साहन संस्थेने १८२४ मध्ये सहा हजार फ्रँकचं बक्षीस लावलं; १८२८ मध्ये ते झाँ-बाप्तिस्त गिमे याला मिळालं. केओलिन माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र भाजून केलेला हा रंग रासायनिकदृष्ट्या लाजवर्दातल्या निळ्यासारखाच. काही दशकांत तो इतका स्वस्त झाला की पांढऱ्या कपड्यांना घालायच्या भुकटीच्या निळीत जाऊन बसला. आपल्या घरांतली रॉबिन ब्लू म्हणजे हेच. ज्या रंगासाठी करारात औंसाचा भाव लिहावा लागे, तो धोतरांचा पिवळटपणा मारायला वापरला जाऊ लागला, आणि त्याबरोबर चित्रातल्या निळ्याची ‘मी महाग आहे’ ही बोली बंद झाली. तेव्हापासूनचे मनःशांती, अनंत, उदासी वगैरे अर्थ हे स्वस्त निळ्याचे अर्थ आहेत. ते खोटे नाहीत, पण पंधराव्या शतकातल्या चित्रावर चिकटवू नयेत.

कृष्णाबद्दल विचारलं आहे म्हणून सांगतो. शास्त्रातला शब्द श्याम. अभंगांतला विठ्ठल सावळा. लघुचित्रांत कृष्ण कधी राखाडी-निळा, कधी जवळपास काळा, कधी जांभळट दिसतो, आणि त्याच्या शेजारी पिवळा पीतांबर असतो. निळ्या-राखाडीजवळ गडद पिवळा ठेवला की डोळ्याला तो राखाडीही निळा भासतो, हे त्या चित्रकारांना पक्कं ठाऊक होतं. रवि वर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून आणि नंतरच्या कॅलेंडरांतून देव घरोघरी पोचले. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो, रंग मोजके असतात. आज मनात उमटणारा सपाट आकाशी कृष्ण हा बराचसा छपाईचा आहे. बसोहली किंवा किशनगढच्या लघुचित्रांतल्या कृष्णाला त्या नजरेने पाहू नका.

आता चित्रासमोर उभं राहिल्यावर काय करायचं. सर्वात आधी प्रकाश. अजिंठ्यात पिवळ्या उजेडात निळा काळपट दिसतो; मंद पण पांढऱ्या, रंग खरे दाखवणाऱ्या दिव्यात तोच उठून येतो. दुसरं, व्हार्निश. तिथल्या चित्रांवर एकोणिसाव्या शतकात नकला करताना आणि पुढे १९२०-२२ मध्ये निजाम सरकारच्या काळात आलेल्या इटालियन तज्ज्ञांनी शेलॅकसारखे (लाखेच्या व्हार्निशचे) थर दिले. ते पिवळे पडले. पिवळ्या थराखालचा निळा हिरवा दिसणारच आणि पांढरा तपकिरी. पुरातत्त्व खात्याने बराच भाग साफ केलाय, पण सगळा नाही. म्हणून अजिंठ्याच्या छटांवर अर्थाची इमारत बांधण्याआधी तो भाग साफ झालेला आहे का हे विचारावं. जुन्या पुस्तकांतले फोटो तर मुळीच आधाराला घेऊ नयेत.

संग्रहालयांकडे अवरक्त प्रकाशातले आभासी रंगाचे फोटो असतात (डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश त्यांत लाल म्हणून दाखवतात), ते मागावेत. त्यात अल्ट्रामरीन लाल दिसतो, नीळही लालसर दिसते, तर अझुराइट आणि प्रशियन ब्लू गडद निळे राहतात. एक्स-रे फ्लुरोसन्समध्ये, म्हणजे रंगातली मूलद्रव्यं ओळखणाऱ्या तपासणीत, तांबं आलं तर अझुराइटची शक्यता, कोबाल्ट आला तर बहुधा स्मॉल्ट. अल्ट्रामरीनमधली मूलद्रव्यं हलकी असल्याने हातातल्या यंत्राला तो नीट पकडता येत नाही. ‘काहीच सापडलं नाही’ हाही तिथे एक धागा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली नैसर्गिक लाजवर्दाचे कण टोकदार, लहानमोठे, मधे कॅल्साइट असलेले. कारखान्यातल्याचे बारीक, गोलसर, एकसारखे. सतराव्या शतकातलं म्हणून दाखवलेल्या चित्रात मूळ थरात प्रशियन ब्लू निघाला तर ती तारीख चुकीची; निदान तो भाग नंतरचा.

स्वतः करून बघायचं असेल तर कारखान्यातला शुद्ध अल्ट्रामरीन घ्या, कपड्यांची नीळ नको. तिच्यात सोड्यासारखी भर असते. बाभळीचा किंवा धावड्याचा स्वच्छ डिंक एक भाग, पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून मलमलीतून गाळा. काचेवर पूड आणि हे पाणी आकारमानाने साधारण सारखं घेऊन काचेच्या बत्त्याने घोटा, गुठळ्या मोडेपर्यंतच. टिकण्यासाठी लवंगेच्या तेलाचा एक थेंब पुरे. कागदावर पट्टी ओढून सुकू द्या आणि बोट घासा : निळं बोटाला आलं तर डिंक कमी, पट्टी चकाकली किंवा तडकली तर जास्त. डिंक जास्त झाला की अल्ट्रामरीन काळवंडतो; त्याची मखमली खोली कमी चिकट, कोरड्या थरातच दिसते. एक दाट हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्या, पहिला पूर्ण सुकल्यावर दुसरा. शेजारी झाडपाल्याच्या नीळीची (इंडिगोची) एक पट्टी ओढा, दोन्ही अर्ध्या झाकून काही आठवडे खिडकीत उन्हात ठेवा, आणि मग झाकलेला व उघडा भाग ताडून पाहा.